1983 साल सौनाचं

रेंटनरसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. जर्मनीत पेन्शनीत निघालेल्या माणसाला रेंटनर म्हणतात आणि साहेबांना आता दुसरी ओळख सांगावीशीही वाटत नाही. फ्रँकफुर्टजवळच्या आमच्या कारखान्यात ते 1971 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी उमेदवारीला लागले. साडेत्रेसष्टाव्या वर्षी निरोपाचा केक कापून घरी गेले आणि पुढच्याच वर्षी स्टोअरमध्ये 'मिनिजॉब'वर हजर झाले. महिन्याला 556 युरोंपर्यंत कमाई, ही 2025 ची मर्यादा. त्यांनी ती कधी एका युरोनेही ओलांडली नाही. कँटीनमध्ये ते माझ्यासमोर बसतात, कारण बाकीच्यांनी त्यांचा हिशेब आधीच ऐकलेला आहे.

हिशेब असा. जर्मन पेन्शन गुणांवर चालते. सरासरी पगारावर एक वर्ष राबलात की एक गुण. जुलै 2025 च्या दराने एका गुणाला महिना 40.79 युरो. साहेबांचे गुण वर्षावारी पाठ आहेत. 1974 ला पाऊण, 1990 ला सव्वा. आणि महिन्यातून एकदा ते ज्या सौना क्लबात जातात, तिथला प्रवेश 80 युरो.

"म्हणजे दोन गुण," ते मला म्हणाले. "आरोग्यविमा वजा केला तर सव्वादोन."

"म्हणजे?"

"म्हणजे 1983 आणि 1984 ही दोन वर्षं मी लेथवर उभा राहिलो, ती या सौनासाठी. शिवाय 1985 चे पहिले तीन महिने."

आयुष्याकडे असं मागे वळून बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांच्या लेखी 1978 हे घरभाड्याचं साल आहे, 1996 हे दातांचं.

तर हा क्लब. नाव सौनाचं असलं तरी मामला काय आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. गावाबाहेर औद्योगिक वसाहतीत, टायरच्या दुकानाला लागून, उंच कुंपणाआड. दारात पैसे भरले की अंगाला झगा, पायात सपाता, मनगटाला लॉकरची किल्ली. आत सौना, पोहण्याचा हौद, बार आणि जेवण. तिथे काम करणाऱ्या बायकाही दारात प्रवेश भरूनच आत येतात. त्या कुणाच्या नोकर नाहीत, कागदोपत्री स्वतंत्र व्यावसायिक आहेत. त्यांच्याशी ठरेल तो व्यवहार वेगळा, त्याचे पैसे वेगळे. 2002 च्या कायद्याने या धंद्याला करार आणि विमा यांच्या चौकटीत आणलं. 2017 पासून प्रत्येकीला नावनोंदणी आणि आरोग्यखात्याचा सल्ला सक्तीचा झाला. कंडोमही सक्तीचा, कायद्यातच लिहून.

मी भाबडेपणाने विचारलं, एवढे पैसे कशाला? नागडेपणा तर इथे नगरपालिकेच्या तरणतलावावरच्या सौनातही असतो. बाया-बाप्ये एकाच बाकावर.

"तिथे सूप नसतं," साहेब म्हणाले.

पेन्शन महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी खात्यात पडते. त्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी ते दार उघडायच्या वेळेला पोचतात. लवकर येणाऱ्याला सूट असते. झग्याच्या खिशात चष्मा. पहिल्यांदा सूप, मग नव्वद अंशांची सौना. टॉवेल पूर्ण पसरून, कारण लाकडावर घामाचा थेंब पडणं हा तिथे अक्षम्य गुन्हा. भिंतीवरच्या वाळूच्या घड्याळाने पंधरा मिनिटं, मग गार पाण्याची बादली डोक्यावर, मग पुन्हा सूप, मग बटाट्याचं सॅलड. चार वाजता कॉफी. जेवणावळीला पंगत उठेपर्यंत न हलणारे आमचे एक मामा होते. ते यांच्यासमोर अल्पाहारी ठरले असते.

आणि बाकीचं? साहेब काटा खाली ठेवतात. "पूर्वी. आता तेवढे गुण नाहीत."

त्यांच्यासारखे आणखी चार-पाच जण बारच्या कोपऱ्यात झग्यांत बसतात आणि निवृत्तीचं वय 67 वर नेणाऱ्या सरकारला शिव्या घालतात. नॉर्बर्ट ब्लूम या मंत्र्याने 1986 साली बॉनमध्ये पेन्शन सुरक्षित असल्याचं पोस्टर स्वतःच्या हाताने चिकटवलं होतं, त्याचा उद्धार दर मंगळवारी होतो. आसपास काय चाललंय याचं त्यांना भान नसतं. श्टुटगार्टजवळच्या अशाच एका बड्या क्लबच्या मालकाला मानवी तस्करीला हातभार लावल्याबद्दल 2019 साली पाच वर्षांची शिक्षा झाली. त्या कुंपणाआड कुणाचं काय जळतं हे त्या खटल्यात थोडंफार बाहेर आलं. मी विषय काढला, तर साहेब गंभीर झाले. "भयंकर! गुंतवणूकदारांनाही फसवलं त्याने."

मला राग आला होता. पण पुढचं त्यांनी स्वतःच सांगितलं, आणि तेही दुखावल्या स्वरात.

रुमेनियाहून आलेली एक बाई, पस्तिशीची, कॉफी घेत त्यांच्याशेजारी बसली. साहेबांना तिची दया आली. स्वतंत्र व्यावसायिक, म्हणजे पेन्शनीत सक्तीची वर्गणी नाही, म्हणजे म्हातारपणी शून्य गुण! त्यांनी कागदी रुमालावर आकडे मांडले. 2025 ची किमान ऐच्छिक वर्गणी महिना 103.42 युरो, निदान साठ महिने भरायची, मग सदुसष्टाव्या वर्षी महिना इतके इतके. रुमाल तिच्याकडे सरकवला. तिने शेवटचा आकडा वाचला आणि विचारलं, "हे महिन्याचं की आठवड्याचं?"

"महिन्याचं."

तिने सांगितलं, तिकडे क्लुज शहरात तिचे दोन फ्लॅट आहेत. दोन्ही विद्यापीठाजवळ, दोन्ही विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेले. तिसऱ्याचा इसार दिलाय. डिसेंबरनंतर ती इथे दिसणार नाही. मग तिने सहज विचारलं, "तुमचे किती?"

साहेब जन्मभर भाड्याच्या घरात राहिले. निम्मा जर्मनी राहतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही, असं त्यांनी तिला सांगितलं आणि मलाही दोनदा सांगितलं. तिने त्यांचा रुमाल उलटा केला आणि मागे भाड्याचा परतावा मांडून दाखवला. दुरुस्ती वजा करून.

त्या मंगळवारी त्यांनी दुसरं सूप घेतलं नाही. काल कँटीनमध्ये ताट ठेवून ते बराच वेळ बोलले नाहीत. मग घसा खाकरून म्हणाले, "तुमच्या पुण्यात विद्यापीठ आहे ना? तिथे वन बीएचके साधारण किती गुणांना पडतो?"