टेन्शन न घेण्याची वऱ्हाडी पद्धत

वऱ्हाडात मानसिक आजार होत नाहीत. इथं फक्त टेन्शन येतं. सोयाबीनचा भाव पडला की टेन्शन, पोरीचं लग्न जमत नाही म्हणून टेन्शन, जमलं तर हॉलचं टेन्शन. बारावीतल्या पोराला पेपरचं, बापाला पीककर्जाचं आणि मायला या दोघांचं मिळून. एवढा पसारा एका शब्दात बसल्यामुळे औषधही एकच पुरतं : ‘टेन्शन नको घेऊ बे.’ अमरावतीच्या राजकमल चौकात घ्या की अकोल्याच्या गांधी रोडवर, हे औषध चोवीस तास, फुकट आणि न मागता मिळतं. त्यानं कोणाला गुण आल्याचं ऐकिवात नाही. पण साठा संपल्याचंही कधी ऐकलं नाही.

या औषधासोबत पाळायची पथ्यं आम्ही अनेक वर्षांच्या निरीक्षणातून जमवली आहेत. ती क्रमानं पाळावीत. मधली पायरी गाळल्यास आम्ही जबाबदार नाही.

पायरी १ : दुखण्याला इज्जतदार नाव द्या

रात्री तीन-तीन वाजेपर्यंत डोळा लागत नाही, छातीत धडधडतं, जेवण जात नाही, कशातच जीव लागत नाही, असं दोन-तीन आठवडे चाललं तर घाबरू नका. याला गॅस म्हणतात. गॅस झालेल्या माणसाला समाजात मान आहे. लोक त्याला ओवा देतात, सोडा आणून देतात, ‘रात्री भात खाल्ला असशील’ म्हणून आपुलकीनं रागावतात. हीच लक्षणं ‘माझं मन थाऱ्यावर नाही’ अशा शब्दांत सांगितली, तर दुसऱ्याच वाक्याला नागपूरच्या पागलखान्याचा विषय निघतो. म्हणून गॅसच सांगावा. बाई असेल तर कमजोरी सांगावी. कमजोरीला टॉनिक मिळतं आणि टॉनिक घेणाऱ्या बाईला सगळ्यांचं जेवण झाल्यावर दहा मिनिटं पडूही देतात.

पायरी २ : सल्लागार मंडळ भरवा

बैठकीचं ठिकाण : पानठेला. वेळ : खर्रा घोटून होईपर्यंत. ठेलेवाला सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घासायला लागला, की त्या आवाजाच्या आडोशानं मन मोकळं करायला चारेक मिनिटं मिळतात. तुम्ही म्हणायचं, ‘मले झोप येत नाही राजेहो.’ मंडळाचा पहिला सदस्य तुलना करतो : ‘माह्या मेव्हण्याले पाह्य, तीन एकर पाण्याखाली गेलं, तरी हासते.’ दुसरा निदान करतो : ‘मोबाइल कमी पाहत जाय.’ तिसरा लग्न सुचवतो. लग्न झालं असेल तर लेकरू, लेकरू असेल तर दुसरं. चौथा एका महाराजांचा पत्ता देतो आणि गुरुवारीच जायला बजावतो. पाचवा विचारतो, ‘पण तुले कमी काय आहे बे?’ याचं उत्तर तुमच्याजवळ नसतं. ते असतं, तर तुम्ही ठेल्यावर आलाच नसता. तेवढ्यात खर्रा होतो. बैठक बरखास्त.

पायरी ३ : व्यायाम करा, दम धरा

रोज सकाळी फिरायला जा, हा डॉक्टरांचा सल्ला आम्हाला मान्य आहे. अमरावती तर व्यायामाचंच गाव. इथलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. मंडळाच्या पोरांनी १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी थेट जर्मनीत जाऊन कबड्डी खेळून दाखवली. दम धरणं आमच्या रक्तातच आहे. कबड्डीत मात्र दम संपायच्या आत आपल्या अंगणात परतून श्वास घ्यायची सोय असते. घरी ती नसते. तिथं ‘दम धर’ एवढंच सांगतात, सोडायचा कधी ते सांगत नाहीत.

फिरायला छत्री तलावावर जावं. सोबत तीन जण घ्यावेत. त्यातल्या दोघांनी स्वतःच्या शुगरवर आणि तिसऱ्यानं परवा अटॅकनं गेलेल्या ओळखीच्या माणसावर बोलावं. परतताना गिला वडा खावा. चालून जेवढं हलकं वाटलं असेल, तेवढं वड्यानं भरून निघतं.

पायरी ४ : झोप आणि कूलर

गाढ झोप हा मनाच्या आरोग्याचा पाया आहे आणि वऱ्हाडात झोपेचा पाया कूलर. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तर तिथं कोणी मान वर करून पाहत नाही. एप्रिल लागताच वाळ्याच्या नव्या ताट्या बसवाव्यात, पंपाचा गाळ काढावा, आणि लोखंडी पेटीला शॉक येतो का ते उलट्या पंजानं घाबरत घाबरत तपासावं.

कूलरचा खरा गुणधर्म गारव्यात नाही, आवाजात आहे. तो सुरू झाला की खोलीत कोणाला कोणाचं ऐकू येत नाही. बायको म्हणते, ‘मला जरा बोलायचं होतं.’ नवऱ्याला ऐकू येतं, ‘पाणी भरायचं होतं.’ तो बादली घेऊन उठतो. पोरगं म्हणतं, ‘बाबा, मले नाही जमत हे नीटचं.’ बाबा म्हणतात, ‘हाव, नीट झोप.’ एप्रिल ते जून वऱ्हाडातल्या घराघरांत जी शांतता नांदते, ती अशी.

पायरी ५ : डॉक्टरकडे जायची वेळ आलीच तर

सगळे उपाय थकले तर डोक्याच्या डॉक्टरकडे जावं, पण आपल्या गावात जाऊ नये. अमरावतीकरानं अकोल्यात दाखवावं, अकोलेकरानं अमरावतीत. रस्ता याच कामी यावा म्हणून की काय, २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरी थर टाकून गिनीज विक्रम झाला. त्याआधी कित्येक वर्षं हा रस्ता असा होता की मन ठीक करायला निघालेला माणूस कंबर मोडून घरी यायचा. आता फक्त एकच धोका उरला आहे. मूर्तिजापूरच्या चहाच्या टपरीवर समोरून आलेला ओळखीचा माणूस भेटतो. ‘काऊन, इकडे कुठं?’ ‘लग्नाले. तू?’ ‘मी बी लग्नालेच.’ दोघांच्याही हातात फाईल असते. दोघंही ती पाहत नाहीत. त्या तिथीला मुहूर्त नसतो, हेही कोणी काढत नाही.

गोळ्या मिळाल्या की पाचव्या दिवशी बंद कराव्यात, कारण ‘गुण नाही आला’. उदासपणावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि त्या मनानं सोडायच्या नसतात, हे डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. पण ते काय, डॉक्टरच. मेव्हण्याला विचारलं का?

पायरी ६ : ताण तोडणे

इथवर वाचून टेन्शन कमी झालं नसेल, तर वरुड-मोर्शीकडच्या एखाद्या संत्रा उत्पादकाला गाठावं. ताणावर त्याच्याइतका अधिकारी माणूस सापडणार नाही. आंबिया बहारासाठी तो डिसेंबरमध्ये बागेचं पाणी तोडतो. याला म्हणतात ताण देणं. मग तो रोज झाडाखाली उभा राहतो. पान कितपत मलूल झालं, किती गळलं, जमीन हलकी की भारी, यावर दिवस मोजतो. हलक्या जमिनीला महिनाभर, भारीला त्याहून जास्त. ताण कमी पडला तर फूल धरत नाही. लांबला तर फांद्या वाळतात, झाड बसतं. नेमक्या दिवशी तो ताण तोडतो, तोही एकदम दांडभर पाणी सोडून नाही. पहिलं पाणी हलकं, मग पुढचं.

झाडाच्या तोंडाकडे पाहून त्याचा ताण ओळखणाऱ्या या माणसाला स्वतःचा ताण कितव्या दिवशी आहे, ते विचारा. ‘गॅस आहे थोडा,’ असं तो म्हणेल. त्याचे दिवस कोणी मोजलेले नसतात.

एकदा मात्र कोणी तरी मोजून पाहिले, तेही अमरावती जिल्ह्यातच. ‘विश्राम’ नावाचा एक कार्यक्रम इथल्या ३० गावांत झाला. तपासणीच्या खोलीत वाट पाहत बसण्याऐवजी गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी पाठवलं : जा, विचारा, ऐका, गरज वाटली तर पुढं पाठवा. आधी उदासीनतेनं आजारी असलेल्या शंभरातले जेमतेम ४ जण कुठं तरी मदत मागत होते. दीड वर्षानं २७ मागू लागले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकायट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. पहिलं पाणी हलकंच होतं, पण दिलं तर गेलं. पाणी द्यायला दारात कोणी नसेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा फोन १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. रात्रंदिवस, फुकट, मराठीत. ‘टेन्शन नको घेऊ’ही फुकटच मिळतं, पण ते देणारा फोन लगेच ठेवतो. जीव नकोसा झाल्याचं कोणी बोललं, तर मात्र पहिल्या पाच पायऱ्या फाडून टाकाव्यात आणि त्याला एकटं सोडू नये.

शेवटची सूचना

मागच्या मे महिन्यात आम्ही अकोल्याला एका वयस्कर नातेवाइकाकडे बसलो होतो. दुपारचे तीन. त्यांचा पुतण्या आला, कोपऱ्यात टेकला. काकांनी विचारलं, ‘काय झालं?’ तो म्हणाला, ‘काही नाही, गॅस.’ काका थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. सल्ला येणार म्हणून आम्ही सवयीनं सावरून बसलो. काका उठले, भिंतीशी गेले आणि त्यांनी कूलर बंद केला.

खोलीत एकदम ऐकू यायला लागलं. घामाच्या धारा लागल्या. कोणी उठलं नाही. काका परत येऊन बसले आणि म्हणाले, ‘हं. सांग आता.’