गृहराज्याचा अर्थसंकल्प

घरखर्चाचा अर्थसंकल्प करावा, ही सद्बुद्धी मध्यमवर्गीय गृहस्थास साधारणतः महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर होते. आणि ज्या अर्थी त्या सुमारास वाटणी करण्याजोगे द्रव्यच हाती उरलेले नसते, त्या अर्थी हा शुभारंभ पुढच्या एखाद्या मंगल दिवसावर ढकलणे क्रमप्राप्त ठरते. अशा दिवसांची आपल्याकडे टंचाई नाही. जानेवारीची पहिली तारीख हुकली तर गुढीपाडवा आहे. पाडव्याला श्रीखंडाच्या ग्लानीत वही उघडली गेली नाही, तर 1867 पासून सरकारी वर्षाचा आरंभ मानली गेलेली 1 एप्रिल आहे. आणि तीही शाळेच्या फीने गिळली, तर व्यापारी मंडळी ज्या दिवशी नव्या चोपड्या पूजतात ते दिवाळीतले लक्ष्मीपूजन कोठे पळून जात नाही. वर्षातून चार वेळा नवे वर्ष सुरू करण्याची सोय ज्या समाजाने करून ठेवली आहे, त्याला आरंभाची चिंता कशाला? त्याची पंचाईत होते ती दुसऱ्या दिवशी.

मुहूर्त एकदाचा ठरला की गृहस्थ मार्गदर्शनासाठी दिल्लीकडे पाहतो. तेथे अर्थसंकल्पाच्या छपाईपूर्वी मोठ्या कढईत हलवा शिजतो, तो वाटला जातो, आणि मग संबंधित अधिकारी भाषण होईपर्यंत जगापासून अलग कोंडून घेतले जातात. यांपैकी कोंडून घेण्याचा भाग दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात अव्यवहार्य असल्यामुळे गृहस्थ फक्त कढईची प्रथा उचलतो. आणि साजूक तूप, काजू व केशर यांवर जो खर्च होतो, तो नव्या वहीच्या पहिल्या पानावर पहिली तूट म्हणून विराजमान होतो. खुद्द वहीची किंमत भांडवली खर्चात धरावी की महसुली, हा वाद रात्री उशिरापर्यंत रंगतो. चिरंजीव मोबाइलवरचे एक अ‍ॅप सुचवतात. परंतु ते महिनाभर फुकट राबून पुढे वर्गणी मागते, असे कळताच वहीला बहुमत मिळते.

यानंतर अनुदानाच्या मागण्या येतात. संसदेत कपात-सूचनांचे प्रकार ठरलेले आहेत : मागणी एका रुपयावर आणावी असे म्हणणारी सूचना मूळ धोरणाचाच निषेध करते, तर मागणीतून शंभर रुपये वजा करावेत असे म्हणणारी एखादे गाऱ्हाणे वेशीवर टांगते. गृहस्थ पहिल्या प्रकारची सूचना चिरंजीवांच्या नव्या मोबाइलवर आणतो. सौभाग्यवती तीच सूचना गृहस्थाच्या सिगारेटवर आणतात. तीर्थरूपांच्या औषधांवर सूचना आणण्याचे धैर्य कोणासच होत नसल्याने ती एकमताने मंजूर होतात आणि त्यांच्या आडोशाने काशीयात्राही मंजूर होऊन जाते. गंमत अशी की, भाऊबीज, गणपतीची वर्गणी, वॉचमनची दिवाळी, ज्यांच्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयात वर्षभर आधी छापून लटकत असतात, ते खर्च मात्र दरसाल अकस्मात उद्भवतात आणि पुरवणी मागण्यांच्या दाराने आत शिरतात.

या सर्व खात्यांवर चक्रवर्ती म्हणून जे राज्य करते, त्याचे नाव ‘किरकोळ’. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी 1819 मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात ‘दरबारखर्च’ नावाच्या एका बाबीची हकिकत आहे : दरबारी मंडळींना आणि हिशेबतपासनिसांना मामलेदाराने प्रथम गुपचूप द्यावयाची लाच पुढे पुढे इतकी रूढ झाली की, तिचाही हिशेब इतर रकमांसारखाच रीतसर तपासला जाऊ लागला. लाचेसही स्वतंत्र खाते उघडून देणाऱ्या त्या दफ्तरी नेकीपुढे आमचा सुशिक्षित गृहस्थ अगदीच थिटा पडतो; कारण भेळ, रिक्षा, मित्राच्या बढतीची मेजवानी आणि रात्री अकरा वाजता मोबाइलवरून मागवलेली व सकाळी नकोशी झालेली चपलांची जोडी, या साऱ्यांची विल्हेवाट तो त्या एका खात्यात लावतो आणि वर बेरीज जुळली म्हणून समाधान पावतो.

राज्यघटनेच्या 267व्या अनुच्छेदाने आकस्मिकता निधीची तरतूद केली आहे. घराघरांत ती तरतूद घटनेच्या पूर्वीपासून, गृहस्थाच्या नकळत, तूरडाळीच्या डब्यात नांदत आलेली आहे. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा चलनातून बाद झाल्या, तेव्हा कित्येक गृहस्थांना स्वयंपाकघरातील या गुप्त खजिन्याचा प्रथमच साक्षात्कार झाला. आणि ज्या घराच्या तुटीवर ते वर्षानुवर्षे भाषणे देत होते, त्याच घरात शिलकीचा कारभार भाषणावाचून सुरळीत चालला होता, असे निष्पन्न झाले.

वास्तविक दिल्लीपासून घेण्याजोगी गोष्ट कढईत नाही. सरकारी पुस्तकात येत्या वर्षाच्या अंदाजाशेजारी चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि त्याच्याही मागील वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च छापावा लागतो, म्हणजे पुढचे मनोरथ रचणाऱ्यास मागची करणी डोळ्यांआड करता येत नाही. गृहस्थाने आधी दोन महिने एकही अंदाज न बांधता नुसता झालेला खर्च रोजकीर्दीसारखा मांडावा; मग घराचा हप्ता, वीज, देखभाल असे न टळणारे खर्च वेगळे काढावेत; आणि सणावारांच्या व वार्षिक हप्त्यांच्या बेरजेचा बारावा हिस्सा दरमहा बाजूस ठेवावा. अर्थशास्त्र इतकेच आहे. उरलेला भाग राजकारणाचा. संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद 1967 पासून विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. घरातील विरोधी पक्ष कोणता, हे सांगणे न लगे. ती वही त्या हाती गेली, तर पगार तेवढाच राहूनही महिनाअखेरीस शिल्लक दिसू लागेल, याविषयी तज्ज्ञांत दुमत नाही; मात्र सत्तारूढ पक्ष ती आपण होऊन हवाली करील, असा अंदाज अद्याप कोणत्याही अर्थमंत्र्याने धरलेला नाही.