खाड्यापुरती बाई

दसरा झाला की मांजरसुंब्याच्या चौकाला रात्र उरत नाही. केजकडून ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर येतात, पाटोद्याकडून येतात, आणि धुळे-सोलापूर महामार्गाला लागतात. एकेका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या. ट्रॉलीत ज्वारीची पोती, पत्र्याची पेटी, राहायच्या कोपीचे बांबू, शेळी, कोंबड्या, आणि सगळ्यांच्या वर माणसं. गडी चहाला खाली उतरतात. बाया वरच बसून पोरांच्या अंगावर गोधडी ओढतात.

मागच्या हंगामात अशाच एका ट्रॉलीजवळ उभा राहून मी वरच्या बाईला विचारलं, हंगामाआधीची उचल किती घेतली?

"मालकाला इचारा. मला काय ठाव?"

मग फेडणार कोण?

"दोघं मिळून की!"

बाईची मजुरी पुरुषापेक्षा किती कमी, असा प्रश्न शहरात विचारतात. आमच्या बीड जिल्ह्यात त्याचं उत्तर देता येत नाही, कारण उसाच्या फडात बाईला मजुरीच नाही. मजुरी कोयत्याला आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. टनामागं जो दर ठरतो तो कोयत्याचा, उचल कोयत्याची, आणि मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत कोयत्यापुढं नाव नवऱ्याचं.

एकटा माणूस तोडणीला गेला तर त्याला म्हणतात अर्धा कोयता. म्हणजे बाई निम्मं काम करते हे सगळ्यांना पाठ आहे. भाषेत हिशेब बरोबर आहे, फक्त पैसे देताना तो कुणाला आठवत नाही.

आणि निम्मं तरी कसं? फडात जाऊन बघा. पहाटे तीन-चारला उठून ती चूल पेटवते, भाकरी थापते, पोरांचं आवरते. मग फडात गडी ऊस तोडत पुढं सरकतो, ती मागून पाचट काढते, वाढं वेगळं करते, मोळी बांधते. तोडायलाही बसते. ट्रक आला की तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढते. फळी अरुंद, पाचटाच्या धुळीनं निसरडी, हात मोळीला. धरायला काही नाही. पोटुशी असली तरी हीच फळी. गाडी भरायला रात्री आली तर रात्री. कोपीवर परतल्यावर पुन्हा चूल तिचीच.

या सगळ्या कामात तिचं वेगळं नाव कुठंच लागत नाही. एकाच ठिकाणी लागतं: खाड्यात. एक दिवस ती फडात गेली नाही की वहीत खाडा पडतो. काही टोळ्यांत दिवसाला पाचशे रुपये दंड. ताप आला, पाळीत अंगावरून जास्त गेलं, बाळंत झाली, तरी खाडा. राबताना ती कोयत्यात विरघळलेली असते, दंड करताना मात्र बरोबर वेगळी सापडते. तिच्या एका दिवसाची किंमत काढता येते, हे मुकादमाची वहीच सांगते.

पिशवी काढण्याचा विषय इथूनच सुरू होतो. २०१९ मध्ये बीडच्या बायकांची गर्भाशयं काढल्याची बातमी देशभर गेली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कॅन्सरची भीती घालणारे डॉक्टर त्यात दोषी आहेतच. पण पाळीचे चार दिवस म्हणजे चार खाडे, हे गणित दवाखान्यात जाण्याआधीच बाईच्या डोक्यात बसलेलं असतं.

२०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. संपानं, लढून मिळवलेली वाढ, तिचं मोल मोठं आहे. मुकादमाचं कमिशनही वाढलं. पण वाढ टनाला मिळाली आणि टन कोयत्याच्या नावावर. वाढलेल्या पैशातला एक रुपयाही तिच्या हातात जाईल अशी सोय त्यात नव्हती.

वरच्या पायऱ्या तर तिच्यासाठी नाहीतच. मुकादम गडी, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर गडी, कारखान्याचा चिटबॉय गडी. हार्वेस्टर आला, सरकारनं त्याला अनुदान दिलं, आणि त्याच्या सीटवरही गडीच बसला. यंत्र जेवढं काम खाईल तेवढं मोळीवालीचं जाईल. गावाकडं तरी काय वेगळं आहे? नांगरट, फवारणी गड्याची, खुरपणी बाईची, आणि बाईची रोजी कमी. दिवसभर वाकून तण काढणं हलकं काम, हे ठरवलं कुणी? खुरपं हातात धरणाऱ्या कुणी ठरवलेलं नाही.

समान कामाला समान वेतन राज्यघटनेच्या ३९व्या कलमात आहे. १९७६ साली त्याचा स्वतंत्र कायदा झाला. रोजगार हमीच्या कामावर बाईगड्याला एकच दर आहे, आणि त्यानं कुठं आभाळ कोसळलं नाही. फडात मात्र कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी कोयत्याशी बोललो.

म्हणून माझं मागणं साधं आहे. उचलीच्या कागदावर दोन नावं, दोन सह्या किंवा दोन अंगठे. टनाचा दर निम्मा-निम्मा, दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांत. पाळी आणि बाळंतपणाचा खाडा बंद. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार महामंडळानं बाईला तिच्या स्वतःच्या नावानं ओळखपत्र द्यावं, आणि मजुरीची नोंद त्याच नावावर व्हावी. नवरे रुसतील म्हणणारे भेटतात. रुसू देत. उद्या त्याला काही झालं तर उचल फेडायला मुकादम तिच्याच दारात येतो. तेव्हा तिचं नाव त्याला बरोबर ठाऊक असतं.

पुढच्या दसऱ्याला चौकात त्याच ट्रॉल्या येतील. हंगाम संपून पट्टा पडायच्या दिवशी हिशेब होईल तेव्हा तिला चुलीपासून उठवून समोर बसवा. किती टन झाले, किती उचल फिटली, किती उरली, तिच्यासमोर मोठ्यानं वाचा. आणि तिच्या वाट्याचा आकडा तिला सांगा.