सोलकढीची निर्यात

सेवाव्यापाराचा 'गॅट्स' करार १९९५ मध्ये लागू झाला, तेव्हापासून एक गंमत कागदोपत्री पक्की आहे: परदेशी पाहुण्याने मालवणात बसून सोलकढी प्यायली, की ती भारताची निर्यात ठरते. वाटी जागची हलत नाही, बंदर नको, कंटेनर नको. डॉलर आपल्या पायांनी चालत दारी येतो. सिंधुदुर्गाला १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा केले, ते अशाच पाहुण्यांच्या भरवशावर. आता आतिथ्य शिकवणाऱ्या वर्गात डोकवा. तिथे बेशामेल, व्हेलुते, एस्पान्योल, हॉलंडेज आणि टोमॅटो अशा पाच फ्रेंच सॉस-मातोश्री घोकून घेतल्या जातात. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, पात्याची धार ताटाकडे. नारळाचा रस उकळला की फाटतो, हे शास्त्र मात्र खानावळवाल्या काकूंकडे, आणि त्यांच्याकडे पदविका नाही!

यावर म्हणतील, पोरांना क्रूझवर नाहीतर दुबईत नोकरी हवी आहे, तिथे सोलकढी कोण मागतो? रास्त आहे. तो पगार घरी येतो आणि त्यावर घराची कौलेही बदलतात. प्रादेशिक स्वयंपाक अभ्यासक्रमात असतो, हेही कबूल. पण पंगतीत लोणचे असते तसा, पानाच्या कडेला. परिणामी सुरमई तळू शकणारा मुलगा भूमध्य समुद्रात पास्ता वाढतो, आणि भूमध्याकडचा पाहुणा मालवणात येतो तेव्हा त्याच्यापुढे मेनूकार्ड उघडते: पनीर मंचुरियन, व्हेज हाका नूडल्स. सुरमई संपलेली असते.