माडीवरचे रंगोपंत

मल्लेश्वरमातील आमच्या घराच्या जिन्यापाशी एक लाकडी पाटी टांगलेली आहे. तिच्यावर पहिल्या ओळीत 'चित्रकार', दुसऱ्या ओळीत 'कुत्रा प्रेमळ आहे, तथापि गेट लावून घ्यावे' आणि तिसऱ्या ओळीत 'शनिवार-रविवार कार्यशाळा' असा मजकूर असून, त्यातली दुसरी ओळ रस्त्यापलीकडून वाचता येते, तिसरी गेटाशी उभे राहिल्यावर दिसते आणि पहिली वाचण्यासाठी पोस्टमनला चष्मा पुसून घ्यावा लागतो. माणसाने आपल्या आयुष्याचा ताळेबंद इतक्या प्रामाणिकपणे दारावर टांगल्याचे दुसरे उदाहरण, उभा जन्म हिशेबखात्यात घालवूनही, माझ्या पाहण्यात नाही.

रंगोपंत हे त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे. ते मी ठेवले आणि त्यांनी ते विनातक्रार रुजू करून घेतले. तसे पाहिले तर बंगळुरात दर दुसऱ्या गल्लीत एखादे रंगोपंत नांदत असतात. कोणी चाकावर मडकी घडवितात, कोणी लाकडी ठशांनी कापड छापतात, कोणी नुसत्याच रेघा ओढतात. परंतु सकाळ जनावरांच्या, संध्याकाळ शिकाऊ मंडळींच्या आणि दुपार थकलेल्या बिलांच्या स्वाधीन करून उरल्या वेळात कलेची उपासना करावी, ही या जमातीची सर्वत्र एकच वहिवाट आहे.

आमचे रंगोपंत मूळचे सांगलीकडचे. ड्रॉइंगच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षांत त्यांना 'ए' श्रेणी मिळाली तेव्हा, मुलगा आर्किटेक्ट होणार अशा समजुतीने, वडिलांनी आळीत पेढे वाटले. पुढे तोच मुलगा 1857 सालापासून मुंबईत उभ्या असलेल्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला तेव्हा मात्र पेढे कोणी वाटले नाहीत. बंगळुरास ते आले ते पत्नीच्या संगणक कंपनीतल्या नोकरीमुळे. घर पाहायला आले त्या दिवशी, 1638 साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने हे शहर केंपेगौडांकडून घेतल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत कसे आले, ही हकीकत मला तपशीलवार ऐकवून, त्या जुन्या नात्याने अनामतीत काही सूट मिळते काय याचा ते अदमास घेऊ लागले. मी त्यांना पुढचा इतिहास सांगितला. व्यंकोजीराजांनी म्हैसूरच्या चिक्कदेवराजांशी तीन लाखांचा सौदा मांडला, 1687 साली मोगलांचा कासीमखान मध्येच येऊन शहर बळकावून बसला आणि अखेर त्यानेच ते तीन लाखांना वोडेयरांच्या पदरात टाकले. "तेवढ्या रकमेत," मी म्हणालो, "आता या दोन खोल्या आणि गच्ची यांची दहा महिन्यांची अनामत येते." रंगोपंतांनी गच्चीवरच्या उत्तरेच्या उजेडाकडे एकवार पाहिले आणि मुकाट्याने चेक फाडला.

घरभाड्याचा करारनामा झाला तो दोन माणसांचा. जनावरांचा उल्लेख त्यात नाही, कारण त्या वेळी ती नव्हतीच. आणि पुढे ती आणली असेही कोणी म्हणू शकणार नाही. गेरू हा तांबूस रंगाचा गावठी कुत्रा एका वळवाच्या पावसात जिन्याखाली आडोशाला आला आणि पाऊस उघडल्याची वार्ता त्याच्या कानी आजतागायत गेलेली नाही. काजळी ही काळी मांजर पाण्याच्या टाकीमागे आपोआप उत्पन्न झाली. पिवडी ही पिवळी मांजर तिच्या भेटीला म्हणून आली. सूनबाईंनी, म्हणजे रंगोपंतांच्या पत्नीने, तिघांच्या तीन स्वतंत्र फायली केल्या असून त्यांत लसीकरणाचे दाखले, वजनाचे तक्ते आणि औषधांच्या चिठ्ठ्या तारीखवार लावलेल्या आहेत. रंगोपंतांच्या नावाची फाईल नाही. त्यांच्या रक्तदाबाची चिठ्ठी काजळीच्या फायलीत असते, आणि गेल्या खेपेस ती फाईल घेऊन ते औषधाच्या दुकानात गेले असता दुकानदाराने रुग्णाचे वजन चार किलो दोनशे ग्रॅम असल्याचे वाचून, मग समोरच्या देहाकडे पाहून, मालकाला हाक मारली होती.

पहाटे साडेपाचला गेरू रंगोपंतांना फिरायला नेतो. सँकी तलावाच्या कडेकडेने हा जथा निघतो. 1882 साली कर्नल सँकी यांनी हा तलाव बांधला तो शहराच्या पाण्यासाठी, परंतु गेरूच्या मते त्याच्या भोवतीच्या प्रत्येक झाडाचा तपास करण्यासाठी. याच फेऱ्यांत रंगोपंत कन्नड शिकले. गेरू रस्त्यावर वाढलेला असल्यामुळे त्याला दुसरी भाषा येत नाही. 'बा' म्हटले की तो येतो, 'कूत्को' म्हटले की बसतो, 'सुम्निरु' म्हटले की (क्वचित) गप्प राहतो. या शिक्षणक्रमाचा परिणाम असा झाला की रंगोपंतांचे कन्नड अस्खलित असले तरी ते सर्वस्वी एकेरी आणि आज्ञार्थी आहे. आमच्या शेजारी एक पंचाहत्तरीचे, संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांच्या स्वागतासाठी रंगोपंत एकदा अत्यंत आदराने उठून, दोन्ही हात जोडून, "बा, बा! कूत्को!" असे म्हणाले. प्राध्यापक क्षणभर उभेच राहिले. मग त्यांची दृष्टी शेजारी तत्परतेने बसलेल्या गेरूकडे गेली, आणि ती आज्ञा त्यालाच होती असे मानून घेण्याचा मोठेपणा त्यांनी दाखविला. 'बन्नि' आणि 'कूत्कोळ्ळि' ही आदरार्थी रूपे मी रंगोपंतांना लिहून दिली आहेत. त्यांनी ती पाठ केली. आता ती ते गेरूला वापरतात.

रंगोपंतांनी तैलरंग का सोडले, हा प्रश्न एका प्रदर्शनात त्यांना विचारण्यात आला तेव्हा 'माध्यमाची पारदर्शकता', 'जलाचा स्वच्छंद' वगैरे शब्दांनी युक्त असे उत्तर त्यांनी दिले आणि विचारणाऱ्याने ते वहीत टिपून घेतले. खरी हकीकत मला ठाऊक आहे. टर्पेंटाइन मांजरांना विषासमान; पंज्याला लागलेला रंग ती चाटून साफ करणार; आणि जवसाच्या तेलातला रंग हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होत असल्यामुळे चित्र वाळेपर्यंत निदान आठवडाभर खोलीचे दार लावून ठेवावे लागणार. बंद दार ही वस्तू मांजराच्या धर्मात बसत नाही. काजळीने दारापलीकडे तीन रात्री जो आक्रोश मांडला, त्याच्या अंती रंगोपंतांच्या कलाजीवनातील तैलरंगांचे पर्व समाप्त झाले. त्यानंतर कॅडमियमचे तांबडे-पिवळे रंगही बाद झाले, आणि कुंचले धुण्याचे पाणी झाकणाच्या डब्यात गेले. युरोपात एकेका कलासंप्रदायाच्या उदयाला जाहीरनामे आणि भांडणे लागली म्हणतात. इथे चार किलो दोनशे ग्रॅम पुरले.

जलरंगालाही सुख लाभले असे नाही. पिवडी हे नाव रंगोपंतांनी मोठ्या रसिकतेने ठेवले होते. पिवडी नावाचा जुना रंग मुंगेरजवळ आंब्याची पाने खाऊ घातलेल्या गाईंच्या मूत्रापासून करीत, असा वृत्तान्त त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी 1883 साली लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सला लिहून कळविला होता, ही माहिती त्यांनी मांजरीच्या बारशाच्या दिवशी आम्हाला सांगितली. मांजर ती ऐकत होती. चार दिवसांनी, शंभर टक्के कापसाच्या, तीनशे ग्रॅम वजनाच्या आणि माझ्या हिशेबाने विजेच्या अर्ध्या बिलाइतक्या किमतीच्या कागदावर रंगोपंतांनी गांधी बाजारातल्या फुलवाल्यांचे चित्र ओल्यात ओले धरून अर्धे आणले होते, तोच सूनबाईंचा फोन आला म्हणून ते गच्चीत गेले, आणि परत येईपर्यंत पिवडीने आपल्या नावाची व्युत्पत्ती त्या कागदावर सप्रयोग सिद्ध केली होती. डाग शेवंतीच्या राशीवर पडला होता. मी सहानुभूती दाखवायला वर गेलो तर रंगोपंत मान तिरकी करून म्हणाले, "काका, वासाचा भाग सोडला तर हा पिवळा मला तीन तास साधत नव्हता."

चरितार्थ मात्र चालतो तो कार्यशाळांवर. शनिवारी दुपारी इंदिरानगरातल्या एखाद्या कॉफीच्या दुकानात बारा खुर्च्या मांडल्या जातात, प्रत्येक खुर्चीपुढे दहा इंच बाय बारा इंचांचा कॅनव्हास येतो, आणि पंधराशे रुपयांत, साहित्य व एक कोल्ड कॉफी धरून, दोन तासांत बारा सूर्य एकाच वेळी मावळतात. शिकायला येणारी मंडळी बहुतेक संगणक क्षेत्रातली. आठवडाभर डोक्याने काम करून हाताला थोडे सुख द्यावे, या हेतूने आलेली. एका तरुणाने आकाश किती टक्के ठेवायचे असे विचारले. रंगोपंत गमतीने साठ म्हणाले, तर त्याने पट्टी काढली. एका मुलीचा समुद्र चुकला तेव्हा तिचा डावा हात हवेतच दोन बोटांनी काहीतरी दाबू लागला. मागचा टप्पा रद्द करण्याची कळ तिथे नाही, हे ध्यानात येताच तिच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले ते रंगोपंतांनी रात्री घरी येऊन रेखाटले. माझ्या मते ते त्यांचे त्या वर्षातले सर्वोत्तम काम होय.

कचेऱ्यांतल्या कार्यशाळांची तऱ्हा निराळी. तिथल्या बाईंना पाहुणा महाराष्ट्रातला आहे एवढे कळले की त्या वारली मागतात. वारली चित्रे डहाणू-तलासरीकडच्या वारली लोकांची. त्या मुलखाशी सांगलीच्या माणसाचा संबंध म्हणजे म्हैसूरपाकाशी बिदरच्या माणसाचा असतो तेवढाच. परंतु 'महाराष्ट्र म्हणजे वारली' हे समीकरण एकदा दरखास्तीत मंजूर झाले की त्यावर अपील चालत नाही. रंगोपंतांची सदसद्विवेकबुद्धी तिथे एकच अट घालते. आरंभीची पंधरा मिनिटे ते जिव्या सोमा मशे यांच्याविषयी बोलतात; सणासमारंभाला भिंतीवर स्त्रियांनी काढायची ही कला त्या गृहस्थाने रोजचा उद्योग म्हणून कशी हाती घेतली, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग शेणामातीच्या भिंतीवर कसा बसतो, 2011 साली पद्मश्री कशी आली, हे सारे सांगतात. श्रोते ही प्रार्थना आहे अशा समजुतीने शांत उभे राहतात आणि ती आटोपताच पांढरे मार्कर उघडतात. मानधन नव्वद दिवसांनी येते. त्यापूर्वी पॅन, जीएसटी, रद्द केलेला चेक आणि 'विक्रेता नोंदणी' नावाचा अकरा पानी अर्ज द्यावा लागतो. हे अर्ज मी भरून देतो, कारण माझ्या निवृत्त बोटांना तेवढाच व्यायाम होतो.

वर्षातून एकदा रंगोपंत तीर्थयात्रेला जातात, म्हणजे म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात सावळाराम हळदणकरांची हाती दिवा घेतलेली स्त्री पाहून येतात. गेल्या वर्षी मीही बरोबर होतो. बोटांच्या फटींतून तांबूस होऊन झिरपणारा तो उजेड जलरंगातला आहे, नुसत्या कागदावरचा आहे, हे आपल्या डोळ्यांना पटवता पटवता माणूस थकतो. रंगोपंत नाकापासून वीतभर अंतरावर उभे होते, इतक्यात मागे एक गृहस्थ आपल्या कुटुंबाला सांगू लागले की हे राजा रविवर्म्याचे. रंगोपंत सावकाश वळले. रविवर्मा 1906 साली वारले. हे चित्र चाळिशीच्या दशकातले. चित्रकार 1882 साली सावंतवाडीस जन्मलेला. दिवा धरून उभी राहिलेली मुलगी त्याचीच लेक. एवढे सर्व त्यांनी एका श्वासात आणि, माझ्या दुर्दैवाने, कन्नडमध्ये सांगितले. त्या गृहस्थांना आयुष्यात इतक्या एकेरीत कोणी इतकी उपयुक्त माहिती दिली नसेल. मी मध्ये पडून मराठी, हिंदी आणि हातवारे यांच्या साह्याने तह घडवून आणला. परतीच्या गाडीत रंगोपंत रामनगरच्या खडकांपर्यंत बोलले नाहीत, मग म्हणाले, "काका, हळदणकरांच्या घरी मांजर नसावी."

माझे व्यक्तिचित्र करून देण्याचे त्यांनी तीन वर्षांपूर्वी कबूल केले आहे. पाच बैठका झाल्या. पहिलीत गेरूला उलटी झाली, दुसरीत वीज गेली, तिसरीत कोणाच्या तरी वाढदिवसाच्या कार्यशाळेचा निरोप आला, चौथीत काजळी माझ्या मांडीवर येऊन झोपल्यामुळे रंगोपंतांनी तिचेच चित्र करून घेतले, आणि पाचवीत माझा डावा कान पूर्ण झाला. कान उत्तम उतरला आहे. याच अवधीत गेरूची एकोणीस चित्रे झाली असून त्यांपैकी चौदा विकली गेली, ही नोंद मी तक्रारीदाखल करीत नाही. हिशेबाची सवय म्हणून करतो.

जानेवारीत कर्नाटक चित्रकला परिषदेची चित्रसंते भरते. 1960 साली स्थापन झालेल्या या संस्थेसमोरचा कुमारकृपा रस्ता एका रविवारी वाहनांना बंद होतो आणि चित्रकार दुतर्फा ओळीने बसतात. कन्नडमध्ये 'संते' म्हणजे आठवड्याचा बाजार, आणि थाटही तोच, फक्त वांग्यांच्या जागी निसर्गचित्रे. यंदाही रंगोपंत तिथे असतील. आपण गेलात तर शिवानंद सर्कलच्या बाजूने शिरा आणि ज्या टेबलाखाली तांबूस कुत्रा झोपलेला दिसेल तिथे थांबा. चित्रे जरूर पाहा. परवडले तर घ्या. फुलवाल्यांच्या चित्राचा वास घेऊ नका. तुम्हाला त्यांनी 'बा, बा' म्हटले तर राग मानू नका. आणि गेरूने कितीही केविलवाणे पाहिले तरी त्याला बिस्किट देऊ नका. गोड खाल्ले की त्याचे पोट बिघडते, आणि माझ्या उजव्या कानाची बैठक पुढल्याच मंगळवारी आहे.