टॉरासी आणि उडदाचे वडे

तुरट चवीच्या बाबतीत गोंदिया जिल्ह्याला कुणी शिकवायला जाऊ नये. नागझिऱ्याच्या बाजूच्या जंगलात लहानपणी ज्यानं कच्चं टेंभरू हावरटपणे चावलंय, त्याला टॅनिन म्हणजे काय हे प्रयोगशाळेत जाऊन बघावं लागत नाही. लाळ गायब, जीभ जागच्या जागी, आणि वरून आईच्या शिव्या. हिरडाही त्याच घराण्यातला. तो कातडी कमवायला वापरतात. कातडं असो की जीभ, टॅनिनचं काम एकच: प्रथिनाला धरायचं आणि आवळायचं.

असल्या जाणकार मुलखात आमच्या भाचजावयांनी यंदा मे महिन्यात इटलीहून टॉरासी नावाची रेड वाइन आणली. विमानानं येताना दोन लिटर दारूची मुभा असते, म्हणून बाटल्या दोन. ही नेपल्सच्या पूर्वेकडच्या आवेल्लिनोच्या डोंगरातली वाइन, द्राक्ष अल्यानिको. ते पिकायला इतकं आळशी की कधी कधी तोडणीला नोव्हेंबर उजाडतो. आमचा हलका धान तोवर कापून मोकळा झालेला असतो. पुढे किमान ३ वर्षं मुरवल्याशिवाय, त्यातलं निदान १ वर्ष लाकडी पिंपात काढल्याशिवाय, ती विकायचीच नाही असा तिथला नियम. मोहाच्या पहिल्या धारेला थंड होऊ देण्याइतकाही धीर नसलेल्या आमच्या मंडळींना हे ऐकून गहिवरूनच आलं. एकानं अकलूजच्या फ्राटेलीचं नाव काढलं, की आपल्याकडेही इटालियन द्राक्ष लावलंय. लावलंय खरं, पण ते सांजोव्हेसे, टस्कनीकडचं. दक्षिणेचा आडमुठेपणा वेगळा.

पहिली अडचण तापमानाची. ही वाइन घरातल्या साध्या तापमानाला प्यावी, म्हणजे १६ ते १८ अंशांना, असं भाचजावई म्हणाले. आमच्या घरातलं साधं तापमान त्या दिवशी काय होतं ते सांगत नाही. बाहेर ४४ होतं. शेवटी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवली.

जेवायला सावजी मटण. जावई आल्यावर दुसरा विचार करायची आमच्याकडे पद्धत नाही. "मामाजी, ही वाइन मटणाबरोबरच पितात," भाचजावई म्हणाले. ते बरोबरच आहे. चरबी आणि प्रथिनं टॅनिनला गुंतवून ठेवतात, जीभ सुटते, वाइनही मवाळ लागते. पण हा हिशेब तिथल्या नुसत्या मीठ आणि रोझमेरी लावून भाजलेल्या कोकरासाठी केलेला. आमच्या बोकडावर बोटभर लाल तर्री. तिखटाला मद्यार्क चेतवतो, टॅनिन तोंड कोरडं करतं, आणि माणूस घाबरून पुन्हा पेल्याकडेच हात नेतो. शेजारचे गुरुजी तिसऱ्या घोटाला डोळे पुसत म्हणाले, "जवाईबापू, आग विझवायले पाणी मांगतलं तं तुमी रॉकेल देऊन राहिले जी!"

दुसऱ्या दिवशी मामीनं तलावातली मासळी केली. मालगुजारांच्या काळापासून तळ्यांचा जिल्हा हा, पाहुण्याला मासळी न घालता सोडलं तर गाव नावं ठेवतं. पण रेड वाइनमधलं लोह आणि माशाचं तेल यांचं जमत नाही. तोंडात जुना खिळा चोखल्याची चव आली. गुरुजींनी पेला बाजूला सारला आणि भात मागितला, यातच सगळं आलं.

मग दुपारी चहाच्या वेळी मामीनं उडदाचे वडे तळले. सणाला आमच्याकडे होतात तेच. डाळ जाड वाटलेली, मीठ सढळ, मिरची जवळपास नाहीच. भाचजावयांनी उरलेली वाइन ओतली, कुणी फारशी आशा न ठेवता. वड्याचं तेल जिभेवर पसरलं, मीठ लागलं, आणि कालची ती खडूस वाइन चक्क गोड बोलायला लागली. पिकलेल्या आलुबुखाऱ्याचा वास आहे, असं भाचजावई म्हणाले. मला आला नाही. गुरुजींना दुसऱ्या पेल्यानंतर आला. संध्याकाळी मीठ-मिरीवर परतलेली कलेजीही तिच्याबरोबर छान गेली, पण वड्यांची गोष्ट निराळी, आणि हे मी कुठल्याही इटालियन माणसासमोर सांगायला तयार आहे.

आता भाचजावई दिवाळीत येणार आहेत. येताना बाटलीबरोबर तिथलं मेंढीच्या दुधाचं खारट चीज, पेकोरिनो, घेऊन या असं कळवलंय. वड्यांचं मामी बघेल. मटण त्यांच्यासाठी अळणी करायचं की नाही, यावर घरात अजून एकमत नाही.