फिलाडेल्फियाच्या भाकीतकारांस अनावृत पत्र

श्रीयुत भाकीतकार चाहते, मुक्काम फिलाडेल्फिया, राज्य पेनसिल्व्हेनिया, यांच्या सेवेशी सादर नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, ९ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री लॉस अँजेलिस येथील डॉजर स्टेडियमवर फिलाडेल्फिया फिलीज या बेसबॉल संघाचा हंगाम एका चुकीच्या फेकीने संपला, आणि खेळाडू मैदानाबाहेर पडण्यापूर्वीच महाशयांनी त्या हंगामाचा, चोवीस वर्षांच्या एका पिचरच्या स्वभावाचा आणि त्याच्या उर्वरित कारकिर्दीचा असा तिहेरी निकाल एका दमात लावून टाकला. असा वेग न्यायसंस्थेस साधता आला असता तर मानवजातीचे केवढे कल्याण झाले असते!

प्रसंग असा होता. सामना १-१ असा बरोबरीत असल्याने नऊ डावांचा नियमित खेळ संपूनही तो लांबला होता आणि अकरावा डाव चालू होता. प्रतिस्पर्धी लॉस अँजेलिस डॉजर्सचे दोन गडी बाद झाले होते आणि तिन्ही बेसवर त्यांचे धावपटू उभे होते, म्हणजे आणखी एक गडी बाद झाला तर डाव संपणार होता आणि एक धाव निघाली तर सामनाच. त्याच पिचरने, ओरायन कर्करिंगने, टाकलेला चेंडू डॉजर्सच्या अँडी पाहेसच्या बॅटला लागून सरपटत कर्करिंगकडेच परत आला, हातमोज्यात न बसता पायाशी घरंगळला, आणि तो उचलून पहिल्या बेसकडे फेकण्यास पुरेसा अवकाश असतानाही (फलंदाजामागे बसणारा कॅचर रिअलमूटो तिकडेच बोट दाखवत होता) कर्करिंगने तो घाईने होम प्लेटकडे, म्हणजे जेथे धाव पूर्ण होते त्या जागेकडे, फेकला. फेक कॅचरच्या आवाक्याबाहेर गेली, धाव पूर्ण झाली, सामना २-१ असा गेला आणि बाद फेरीतील पाच सामन्यांची मालिका ३-१ अशी संपली.

महाशयांचे निदान असे की, या तरुणाला काळीज नाही. वस्तुतः ज्या सामन्यात संघाच्या फलंदाजांनी अकरा डावांत मिळून एकच धाव काढली, त्या सामन्याचे पितृत्व अकराव्या डावाच्या अखेरीस मैदानात आलेल्या पिचरकडे द्यावयाचे असेल तर त्यासाठी काही असामान्य युक्तिवाद लागतो. महाशयांना तो लागला नाही. याच मालिकेतील पहिले दोन सामने संघाने स्वतःच्या घरी, सिटिझन्स बँक पार्कवर, ५-३ आणि ४-३ असे गमावले होते, त्यांपैकी कोणत्याही सामन्याच्या पराभवाला असे एकच नाव चिकटले नाही. चारही सामन्यांची बेरीज केली तर फिलीजच्या १५ आणि डॉजर्सच्या १३ धावा होतात, म्हणजे अधिक धावा काढणारा संघ घरी गेला. मात्र बेरीज हे महाशयांच्या शास्त्राचे अंग नाही.

ते शास्त्र कोणते, हे येथे थोडे तपासावे लागते. एप्रिलमध्ये, हंगामाच्या पहिल्या आठवड्यात, महाशय जाहीर करतात की यंदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगांच्या विजेत्यांमधील अंतिम मालिका, आपलीच आहे. पुढे सलग चार सामने गेले की संघ मोडीत काढावा असे ते तितक्याच खात्रीने सांगतात. आणि ऑक्टोबरमध्ये यांपैकी जे खरे ठरेल तेच आपण पूर्वी म्हटले होते याची आठवण ते सर्वांस करून देतात. दारोदार फिरणारा कुडमुडा जोशीदेखील एका घरी एकच भविष्य सांगून पुढे जातो, दोन परस्परविरुद्ध भविष्ये एकाच दारात ठेवून दोन्हींची दक्षिणा मागत नाही.

या शास्त्राची सर्वांत मोठी अडचण अशी की, बेसबॉल हा खेळ त्याला दाद देत नाही. २०२२ ते २०२५ या चार हंगामांचा हिशेब पाहावा. २०२२ मध्ये संघाची स्थिती २२ विजय आणि २९ पराभव अशी असताना प्रशिक्षकाला घालवून रॉब थॉमसन यांना नेमण्यात आले, तेव्हा महाशयांनी त्या हंगामाचे तेरावे उरकले होते. तोच संघ ८७ विजयांनिशी बाद फेरीत कसाबसा शिरला आणि थेट वर्ल्ड सिरीजपर्यंत गेला. २०२३ मध्ये विजय ९० झाले आणि संघ त्याच्या एक पायरी आधी थांबला. २०२४ मध्ये ते ९५ झाले आणि २०२५ मध्ये ९६, आणि त्या दोन्ही वर्षी बाद फेरीत संघ आपली पहिलीच मालिका हरला. संघ जसजसा चांगला होत गेला तसतसा त्याचा ऑक्टोबर आखूड होत गेला, या एका निरीक्षणाने कोणत्याही विचारी माणसाच्या भाकीतवृत्तीला कायमचा आळा बसावा. महाशयांनी मात्र त्यातून खेळाडूंना जिंकण्याची भूक उरलेली नाही असा निष्कर्ष काढला.

येथे भुकेचा नव्हे, अंकगणिताचा प्रश्न आहे. १६२ सामन्यांत ९६ विजय याचा अर्थ दर पाच सामन्यांत सुमारे तीन विजय इतकाच होतो, आणि बाद फेरीतील ही मालिका जिंकण्यासाठीही पाचांत तीनच विजय लागतात. म्हणजे जो संघ वर्षभर बऱ्यावाईट सर्व प्रतिस्पर्ध्यांशी खेळून नेमके एवढेच करू शकला, त्याने तेच काम देशातील सर्वोत्तम संघांपैकी एकाविरुद्ध, ठरल्या आठवड्यात आणि न चुकता करून दाखवावे अशी ही अपेक्षा आहे. शिवाय बेसबॉलमध्ये सर्वोत्तम फलंदाजाची पाळीदेखील नऊ जणांत एकदाच येते आणि सामना सुरू करणारा सर्वोत्तम पिचर पाच-सहा दिवसांतून एकदाच चेंडू टाकतो, त्यामुळे गुणवत्तेचा ठसा उमटायला शेकडो सामने लागतात आणि चार-पाच सामन्यांत बहुधा योगायोगच राज्य करतो.

बास्केटबॉलची गोष्ट याहून वेगळी आहे. तेथे एका वेळी एका संघाचे पाचच खेळाडू मैदानावर असतात, उत्तम खेळाडू ४८ मिनिटांपैकी ४० मिनिटेही खेळू शकतो आणि दोन्ही संघांना बास्केटवर नेम धरण्याच्या कितीतरी संधी मिळतात, म्हणून सात सामन्यांच्या मालिकेत सरस संघ बहुधा जिंकतोच. भाकितालाही तेथे थोडीफार बसायची जागा असते. दुर्दैव असे की जेथे निश्चितीला वाव आहे तेथे महाशय केवळ आशेवर चालतात. २०२४ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फिया सेव्हन्टी-सिक्सर्स संघाने पॉल जॉर्ज याच्याशी चार वर्षांचा, सुमारे २१ कोटी डॉलरचा करार केला आणि महाशयांनी विजयाच्या मिरवणुकीचा मार्ग आखला. जोएल एम्बीड हा त्या संघाचा कणा; त्याने आपल्या कारकिर्दीत एकाही नियमित हंगामात ७० सामने पूर्ण केलेले नव्हते, म्हणजे त्याचे गुडघे आणि पावले हीच त्या हंगामाविषयीची सर्वांत विश्वसनीय कुंडली होती. तो १९ सामने खेळला, संघ २४ सामने जिंकून ५८ हरला, आणि जे एकमेव भाकीत सहज वर्तवता आले असते ते वर्तवायचे राहून गेले.

येथवरचे सर्व क्षम्य आहे. अंदाज चुकणे हा अंदाजाचा स्वभावच आहे, आणि तो चुकल्याबद्दल कोणी कोणाला अनावृत पत्रे लिहीत नाही. अक्षम्य आहे ते त्यानंतरचे. भाकीत खोटे ठरले की महाशय ते मागे घेत नाहीत. ते एक माणूस शोधतात आणि भाकितातील तूट त्याच्या चारित्र्याच्या खात्यावर मांडतात. २०२१ मध्ये अटलांटाविरुद्धच्या मालिकेत, पाचव्या सामन्यात, सिक्सर्सनी घरच्या मैदानावर २६ गुणांची आघाडी गमावली, आणि सातव्या सामन्यात एम्बीडच्या हातून आठ वेळा चेंडू सुटला. परंतु त्या मालिकेविषयी आज फक्त एवढेच सांगितले जाते की, बेन सिमन्सने बास्केटखाली उभा असताना चेंडू आत न टाकता सहकाऱ्याकडे दिला. त्यानंतर तो या संघातर्फे कधीही खेळला नाही. १९९३ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये टोरंटोच्या जो कार्टरने फिलीजच्या मिच विल्यम्सच्या चेंडूवर होमरन मारून, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे धाडून, मालिका संपवली. विल्यम्सला त्याच मालिकेदरम्यान जिवे मारण्याच्या धमक्या आलेल्या होत्या आणि हंगाम संपताच, डिसेंबरमध्ये, त्याची ह्यूस्टनला रवानगी झाली.

हे सौम्य शब्दांत लिहिण्याचा आता कंटाळा आला आहे. भित्रा म्हणे! चाळीस-पन्नास हजार माणसांसमोर, बेस भरलेले असताना, दुसऱ्या पिचरच्या वेळी बेसवर पोचलेले धावपटू वारशात घेऊन चेंडू टाकायला उभा राहणारा माणूस भित्रा, आणि सोफ्यावर पाय पसरून त्याचे काळीज मोजणारा तेवढा शूर? ज्या क्षणाला दुसरी संधी नाही त्या क्षणी हात चुकणे हा दोष नव्हे, तो अपघात आहे. त्याला स्वभावदोष ठरवणे हा मात्र निव्वळ दुष्टपणा आहे आणि तो अपघाताने घडत नाही. कर्करिंगने त्या रात्री पत्रकारांना टाळले नाही, तो समोर उभा राहून उत्तरे देत होता. महाशयांनी आपल्या कोणत्या एप्रिलमधील भाकिताबद्दल असा खुलासा कोणासमोर केला आहे, हे कळले तर उपकार होतील.

या दुष्टपणाला आता पैशाचेही पाठबळ मिळाले आहे. १४ मे २०१८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, शेजारच्या न्यू जर्सी राज्याने लढवलेल्या खटल्यात, खेळांवरील सट्ट्याला राज्यांनी परवानगी देण्यास मनाई करणारा १९९२ चा कायदा रद्द केला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून पेनसिल्व्हेनियात हा सट्टा कायदेशीरपणे सुरू झाला. मत चुकले तर पूर्वी अभिमान दुखावत असे, आता खिसा दुखावतो, आणि अशा खिशाचा राग कोठवर जातो हे मे २०२५ मध्ये ह्यूस्टनचा पिचर लान्स मॅक्युलर्स याला समजले: एका वाईट सामन्यानंतर त्याच्या लहान मुलांना मारण्याच्या धमक्या आल्या, आणि पोलिसांच्या तपासात धमकी देणारा परदेशात बसून पैसे लावलेला, दारू प्यालेला माणूस निघाला.

इतके लिहून झाल्यावर न्यायाची बाजू सोडून दयेची बाजू घेणे भाग पडते, कारण महाशयांच्या वाट्याला जे आले आहे तेही साधे नाही. १८८३ पासून खेळत असलेल्या फिलीजनी वर्ल्ड सिरीज दोनदाच जिंकली, १९८० मध्ये आणि २००८ मध्ये. दहा हजार पराभव पूर्ण करणारा अमेरिकेतील पहिला व्यावसायिक संघ हा मानही जुलै २००७ मध्ये त्यांनाच मिळाला. १९६४ मध्ये १२ सामने उरले असताना हातात असलेली साडेसहा सामन्यांची आघाडी त्यांनी सलग दहा सामने हरून घालवली. सिक्सर्सनी २०१३ ते २०१६ या तीन हंगामांत ४७ सामने जिंकून १९९ गमावले आणि तेही योजनापूर्वक, कारण तळाच्या संघांना नव्या खेळाडूंच्या निवडीत अग्रक्रम मिळण्याची शक्यता अधिक असते. त्या काळातही महाशय तिकिटे काढत राहिले आणि या प्रक्रियेवर विश्वास ठेवा अशा घोषणा देत राहिले. पुढे २०१९ मध्ये टोरंटोच्या कवाई लेनर्डचा शेवटचा फटका बास्केटच्या कड्यावर चार वेळा उसळून आत पडला आणि मालिका गेली. ज्याला नाणेही फेकता येत नाही, चेंडूही पकडता येत नाही आणि प्रशिक्षकही बदलता येत नाही, त्याने निदान काय होणार ते तरी आपणच सांगायचे, ही गरज समजण्यासारखी आहे. तेवढ्यानेच काय तो या कारभारात त्याचा हात लागतो.

आणि हा हात लागतो तेव्हा काय होऊ शकते, हेही याच शहराने दाखवलेले आहे. ट्रे टर्नर हा ३० कोटी डॉलरच्या करारावर आलेला खेळाडू २०२३ च्या ऑगस्टपर्यंत इतका अपयशी ठरला की त्याची फलंदाजीची सरासरी .२३५ पर्यंत घसरली होती. अशा वेळी, ४ ऑगस्टला, तो खेळायला येताच सिटिझन्स बँक पार्कवरील प्रेक्षकांनी हुर्यो उडवण्याऐवजी उभे राहून टाळ्या वाजवल्या. हंगाम संपेपर्यंत सरासरी .२६६ वर गेली आणि टर्नरने शहरात जाहिरातफलक लावून आभार मानले. टाळ्यांमुळेच फलंदाजी सुधारली असे कोणताही संख्याशास्त्रज्ञ म्हणणार नाही, कारण इतका घसरलेला चांगला खेळाडू बहुधा आपोआपच सावरतो. पण त्या संध्याकाळी महाशयांनी कोणतेही भाकीत न करता केवळ एका माणसाची बाजू घेतली होती, आणि ते त्यांना उत्तम जमले होते.

सबब विनंती एवढीच की, पुढे जेव्हा केव्हा कर्करिंग फिलाडेल्फियाच्या मैदानात धावत येईल तेव्हा ४ ऑगस्ट २०२३ चा तोच उपक्रम पुन्हा करावा, आणि त्यानंतर त्याने पहिल्याच फलंदाजाला होमरन दिला तरी टाळ्या परत मागू नयेत. भाकिते करायचीच असतील तर ती एप्रिलमध्ये तारीख आणि टक्केवारीसह वहीत लिहावीत, आणि ती वही ऑक्टोबरमध्ये इतरांच्या हाती द्यावी.

कळावे, लोभ असावा.

ता. क. सिक्सर्सचा नवा खेळाडू व्ही. जे. एजकोम्ब याने ऑक्टोबर २०२५ मध्ये बोस्टनविरुद्धच्या पदार्पणाच्या सामन्यात ३४ गुण मिळवताच महाशयांनी पुढील विजेतेपद निश्चित केल्याचे समजते. १९८३ मध्ये, म्हणजे सिक्सर्सनी शेवटचे विजेतेपद मिळवले त्या वर्षी, मोझेस मलोनने बाद फेरीच्या तिन्ही मालिका चार-चार सामन्यांत संपतील असे भाकीत केले होते, आणि तरीही मिलवॉकीने मध्ये एक सामना जिंकून ते बिघडवलेच. मलोन त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू होता आणि भाकीत खरे करण्यासाठी स्वतः मैदानात उतरत होता, एवढे महाशयांनी टक्केवारी लिहिताना विचारात घ्यावे.